रात्री आपलं हलकंच

डॉक्टरांनी सांगितलं, "रात्री हलकं घेत चला." तुम्ही मान डोलावली, रिपोर्ट पिशवीत घातले आणि बाहेर आलात. इथवर ठीक. आता हलकं म्हणजे नेमकं काय, हे विचारायला परत आत जाऊ नका. विचारलंत तर ते सांगतील की आठच्या आत जेवा, दोन घासांची भूक ठेवून उठा, जेवण आणि अंथरूण यांच्यात तीन तास जाऊ द्या. हे एकदा कानावर पडलं की सगळाच घोटाळा. न विचारता घरी आलात तर शब्दाचा अर्थ तुमच्या ताब्यात राहतो. आणि सोलापुरात राहून हलक्याचा अर्थ लावायचाच, तर तो सरळ वजनावर लावावा.

वजनात कडक भाकरीला तोड नाही. पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर पाणी पार जाईपर्यंत सुकवायची. ६० ग्रॅम पिठाची मऊ भाकरी साधारण ९० ग्रॅम भरते. तीच कडक केली की ६५ च्या आसपास येते. जे गेलं ते पाणी. पीठ ६० चं ६०, आणि २०० कॅलरीही जागच्या जागी. पण काट्यावर २५ ग्रॅम कमी झाले की नाही? झालं तर मग.

शिवाय मऊ भाकरी ताटात अख्खी येते. तिची अर्धी होते, चतकोर होते, म्हणजे ती मोजता येते आणि तिथंच माणूस सापडतो. कडक भाकरी वाढण्याआधी मोडून घ्या. तुकड्यांना कोणी भाकरी म्हणत नाही. डबा मांडीवर घेऊन टीव्हीपुढे बसलात तर बातम्या संपायच्या आत चार भाकऱ्या तुकड्यातुकड्यांनी जातात आणि "आज मी भाकरीला हातसुद्धा लावला नाही" असं देवासमोर उभं राहून सांगता येतं. मऊ भाकरीतलं पाणी पोटात जागा धरतं, त्यामुळं दोन भाकऱ्यांत हात थांबतो. कडक भाकरीत ही अडचण नाही. ती गेल्याचं पोटाला नंतर कळतं, साडेअकराला, तांब्याभर पाणी प्यायल्यावर.

कोणी टोकलंच तर ज्वारी पुढं करा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. एवढा मान मिळालेल्या धान्याचा पाचवा तुकडा नाकारणं ही जिल्ह्याशी बेइमानी आहे.

कोरडं कसं जाणार? म्हणून शेंगाचटणी. भाजी नको, आमटी नको, नुसती चटणी, याच्याहून साधं काय असतं? ही चटणी मात्र नीट करा, कारण तिच्यात हयगय केली तर खाल्ली जात नाही आणि सगळा बेत फसतो. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर आतपर्यंत खरपूस होऊ द्या. जाळ मोठा केला तर साल करपतं आणि आतला दाणा कच्चा राहतो. पूर्ण गार झाल्यावर बारा-पंधरा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरे, दोन चमचे तिखट आणि मीठ घालून उखळात कुटा. मिक्सर लावणार असाल तर एकेक क्षण फिरवून थांबा. सलग फिरवला की भांडं तापतं, दाण्याचं तेल एकदम सुटतं आणि चटणीचा लगदा होतो. कुटलेल्या चटणीला तेल येतं, पण ती सुटी राहते, बोटांत दाबली की गोळी होते. तीच खूण.

आता हे तेल आपण ओतलेलं नाही, ते आपोआप आलं आहे. म्हणून ते धरायचं नाही. शेंगदाण्याच्या निम्मं वजन तेलच असतं, म्हणजे १५ ग्रॅमच्या भरगच्च चमच्यात सहा-सात ग्रॅम तेल आणि ८० च्या आसपास कॅलरी. रात्री चार चमचे चटणी म्हणजे जवळजवळ आणखी दीड भाकरी, पण चटणी ताटात डाव्या बाजूला असते. डाव्या बाजूचं जेवणात धरायची आपल्याकडं पद्धत नाही. फार तिखट लागली तर वर दही घ्या. दही कमी पडलं तर साय. "चटणीवर तेल घालू का?" असं घरातून विचारलं तर मात्र ठाम नाही म्हणा. पथ्य ते पथ्य.

वेळेचं बघू. शहरातल्या जैन घरांत चौविहार पाळणारी मंडळी सूर्यास्ताच्या आत जेवून घेतात, म्हणजे डिसेंबरात सहाच्या आसपास आणि जूनमध्ये सातच्या. झोपेपर्यंत त्यांचं पोट मोकळं झालेलं असतं. रात्री साखर हाताळायला शरीर दिवसापेक्षा सुस्त असतं, तोच घास सकाळपेक्षा रात्री रक्तातली साखर जास्त चढवतो, हे आता डॉक्टरही सांगतात. तुम्ही यातलं अर्धं उचला. सहाला खा, पण त्याला जेवण म्हणू नका. चहात बुडवायचे दोन कडक बटर, मूठभर चिवडा, कोणी आणलीच असेल तर एक कचोरी. एवढं झालं की आठला भूक नसते आणि तेव्हा मोठ्या मनानं जाहीर करता येतं: "मला आज जेवायचं नाही, नंतर हलकं काहीतरी बघतो." घरातली भांडी घासून होतात, ओटा पुसला जातो, आणि साडेदहाला बरोबर भूक लागते. रात्री उशिरा लागणाऱ्या भुकेचं मूळ बहुतेकदा या सहाच्या चहाच्या बशीत सापडतं. म्हणून ती बशी बदलू नका.

मे महिन्यात तर सबब शोधावीही लागत नाही. पारा ४२ च्या वर गेला की नऊच्या आत गॅससमोर कोण उभं राहणार? दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. त्यात नळाला पाणी रोज येत नाही आणि आलं तर वेळ त्याच्या मर्जीची. भरणं आटोपून दमलेल्या माणसाला रात्री बाराला खायचा नैतिक हक्क आहे.

साडेदहाला घरात सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ, करणार असाल तर उत्तम. चुरमुऱ्याइतकं हलकं काही नाही, फुंकर मारली तर उडतात. चार वाट्या चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळा. जास्त राहिले तर गिच्च गोळा होतो. तीन चमचे तेलाची फोडणी, त्यात मोहरी, मिरची, कढीपत्ता, मग एक कांदा, हळद, पिळलेले चुरमुरे, वरून दोन चमचे डाळ्याचं पीठ, मीठ, चिमूटभर साखर. दोन मिनिटांत तयार. गंमत कढईत बघा. चार वाट्या चुरमुऱ्यांची जेमतेम दीड वाटी राहते. "एवढंसंच?" असं म्हणून आणखी दोन वाट्या भिजवा आणि त्या कोरड्या पडू नयेत म्हणून चमचाभर तेल वाढवा. चार वाट्या चुरमुऱ्यांत साधारण १५० कॅलरी आणि तीन चमचे तेलात १३५, म्हणजे हलक्याच्या बरोबरीनं जड आलंच. पण डब्यावर नाव चुरमुऱ्याचं आहे.

शतपावलीचंही जमवून टाका. जेवल्यावर शंभर पावलं चालणं आरोग्याला चांगलं, यात वाद नाही. जुळे सोलापुरातून गाडी काढा आणि पार्क चौकात लावा. पार्किंगपासून चौपाटीवरच्या पावभाजीच्या गाड्यापर्यंत जी पावलं होतील ती शतपावली. शंभर पावलं म्हणजे सुमारे ७० मीटर, आणि त्यात खर्ची पडतात चार-पाच कॅलरी. पावभाजीवर जो १० ग्रॅम लोण्याचा तुकडा वितळत असतो त्याच्या ७० कॅलरी. नुसता तो तुकडा फेडायला दीड-दोन हजार पावलं लागतील, पाव आणि भाजी वेगळीच. इतकं चालणं रात्री बरं दिसत नाही, कुत्री मागं लागतात. मित्र भेटला आणि "जेवलास का बे?" म्हणाला तर खरं सांगा: "नाही बे, रात्री मी काही खात नाही." आणि त्याच्या प्लेटमधला एक पाव घ्या. दुसऱ्याच्या प्लेटमधलं अंगी लागत नाही.

एका पदार्थापासून मात्र सावध राहा. ज्वारीच्या कण्या. हा आपल्या भागातला जुना रात्रीचा आहार आणि तो तुमचा सगळा बेत उधळू शकतो. ज्वारी जाडसर भरडून पीठ चाळून काढतात. हे पीठ काढलं नाही तर गुठळ्या होतात. अर्धी वाटी कणी दोन तास भिजवून तीन वाट्या उकळत्या पाण्यात वैरतात, मीठ घालून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ढवळत शिजवतात. घाई केली तर वरून मऊ आणि आत दाणा टणक राहतो, आणि तोच रात्री पोटात टोचतो. गार झाल्यावर ताक, वाटलेला लसूण, जिरे. ताक गरम कण्यांत घातलं तर फाटतं. दोन माणसांना पुरतं, माणशी कणी ३५-४० ग्रॅमच, बाकी पाणी आणि ताक. वाडगाभर खाल्लं की पोट भरतं, छातीत जळजळ होत नाही आणि दहाला झोप येते. बघा धोका. पार्क चौक राहिला, सुशीला राहिली, मालिका राहिली. आंबील आणि हुलग्याचं माडगंही याच टोळीतलं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतलं चारू-भातही (चारू म्हणजे पातळ आंबट सार) तसंच, पण तिथं निदान तळलेला पापड मागायची सोय आहे. कण्यांचं नाव कोणी काढलं तर "ते आजारी माणसाचं खाणं" म्हणून विषय मिटवा. फोटोतही चांगल्या येत नाहीत.

गोड हवंच असेल तर शेंगापोळी. गूळ आणि दाण्याचं कूट असल्यानं टिकते, म्हणून डब्यात कायम असते. ताजी जिन्नस खाणं म्हणजे चैन, उरलेलं संपवणं म्हणजे संस्कार. पोळी केली त्या दिवशी हात लावू नका, चौथ्या दिवशी रात्री पावणेबाराला ती वाया जाऊ नये म्हणून खा.

मग लगेच आडवं व्हा. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते. तेलकट खाण्यानं ती सैल पडते, तेलामुळं जठरही उशिरा रिकामं होतं, आणि आडवं झालं की आतलं आम्ल वर यायला उतार मिळतो. उजव्या कुशीवर झोपलात तर अधिकच सोयीचं. डाव्या कुशीवर जठरातलं आम्ल झडपेच्या खाली राहतं, उजवीवर ते झडपेशी येऊन ठेपतं. पूर्वजांनी म्हणूनच वामकुक्षी म्हणून ठेवलंय, वाम म्हणजे डावी. आपण त्यातली दुपारची झोप तेवढी घेतली आणि कूस विसरलो. पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उचलली तर जळजळ कमी होते, असंही सांगतात. त्यासाठी विटा कोण आणणार? त्यापेक्षा सोलापुरी चादर छातीपर्यंत ओढा, एकला उठून सोडा प्या, आणि ढेकर आली की समजा पचलं.

सकाळी भूक नसेलच. मग नाश्ता टाळा, म्हणजे दुपारी दीडला डोळ्यांपुढं काजवे येतील आणि सहाच्या बशीची तयारी आपोआप होईल.

राहिली एक तांत्रिक अडचण. रात्री पितळी डब्याचं घट्ट झाकण उघडताना टण्ण आवाज होतो आणि आतल्या खोलीतून "कोण आहे रे?" येतं. अनुभवी मंडळी दिवसाच झाकण अलगद ठेवून देतात, दाबत नाहीत. त्यानं आवाज होत नाही, पण डब्यात हवा जाते आणि पावसाळ्यात दोन दिवसांत कडक भाकरी सादळते. सादळलेली भाकरी तव्यावर पुन्हा मंद भाजली तर कडक होते, पण तव्याचा आवाज झाकणापेक्षा मोठा. म्हणून डबा आजच रिकामा केलेला बरा.