दूध सोडा म्हणण्याआधी डोनाल्ड वॉटसन यांनी काय केलं, ते पाहा

व्हीगन, म्हणजे मांसाबरोबर दूध-अंडीही वगळणाऱ्या, आहाराबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं त्यात आवाहनं भरपूर असतात आणि टीकाही भरपूर. ज्या माणसाने ही चळवळ उभी केली तो मात्र फारसा कुठे भेटत नाही. आज सगळीकडे 'व्हीगन' म्हणून पाट्या लागतात. हा शब्द डोनाल्ड वॉटसन यांनी १९४४ मध्ये रूढ केला, एवढंच कुणीतरी सांगतं आणि पुढे जातं. त्यांच्या कामाची रीत मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनी ती घेतली नाही याची मला मनापासून खंत आहे.

वॉटसन यांचा जन्म २ सप्टेंबर १९१० चा, यॉर्कशायरमधल्या मेक्सबरो या खाणकामगारांच्या गावातला. वडील शाळेत मुख्याध्यापक. लहानपणी काकांच्या शेतावर त्यांनी डुक्कर मारताना पाहिलं. इतके दिवस आपुलकीने सांभाळलेलं जनावर आणि शेवटी हे, याचा मेळ त्यांना घालता येईना. चौदाव्या वर्षी त्यांनी मांस सोडलं. त्याच वयात शाळा सुटली, मग सुतारकामाची उमेदवारी, आणि विसाव्या वर्षी ते सुतारकामाचे शिक्षक झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र घेण्यास नकार दिला. पुढे लेस्टरला शिकवत असताना तिथल्या शाकाहारी मंडळाचे ते चिटणीस होते.

इथपर्यंत ते त्या काळच्या इतर ब्रिटिश शाकाहाऱ्यांसारखेच. वेगळेपण पुढे आहे. मांस सोडून दूध-चीज खात राहणं हा अर्धा मार्ग आहे, असं ते शाकाहाऱ्यांनाच सांगू लागले. गाय दूध देते ती व्यायल्यावर. म्हणजे दूध चालू ठेवायचं तर दर वर्ष-दीड वर्षाने वासरू हवं. त्यातली निम्मी वासरं नर. ती दूध देणार नाहीत, मग ती जातात कुठे? दूधधंदा आणि मांसधंदा ही एकाच गोठ्याची दोन दारं आहेत, हे त्यांचं म्हणणं होतं. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी आणि एल्सी श्रिग्ली यांनी व्हेजिटेरियन सोसायटीकडे दूध न घेणाऱ्या सभासदांसाठी वेगळा विभाग मागितला. सोसायटीने सहानुभूती दाखवली आणि नकार दिला. मांसाविरुद्धच्या कामात फाटा फुटायला नको, हे कारण.

मग नोव्हेंबरमध्ये लंडनच्या अ‍ॅटिक क्लबमध्ये मोजकी पाच-सहा माणसं जमली आणि व्हीगन सोसायटी सुरू झाली. वॉटसन यांनी त्रैमासिक पत्रक काढलं. अंकाची किंमत दोन पेन्स, वर्षाची वर्गणी एक शिलिंग. सुरुवातीचे वाचक २५. मजकूर लिहायचा, टाइप करायचा, पानं जोडायची, टाचायची, पोस्टात टाकायची, आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायची, हे सगळं दोन वर्षं ते जवळपास एकट्याने करत होते. तेही युद्धाच्या अखेरीस आणि त्यानंतर, कागदापासून लोण्यापर्यंत सगळ्यावर रेशन असताना. नोंदणीकृत शाकाहाऱ्यांना मांसाच्या बदल्यात जास्तीचं चीज मिळायचं. चीजही न खाणाऱ्यांना त्याचा काय उपयोग! १९४६ मध्ये फे हेंडरसन यांनी दूध-अंडी-लोणी वगळून पाककृतींचं पुस्तक काढलं. म्हणजे संस्था दोन वर्षांची व्हायच्या आत स्वयंपाकघरातला प्रश्न हातात घेतला गेला होता. विचार पटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी चहात काय घालेल, हे ठरल्याशिवाय विचार टिकत नाही, ही जाण त्या मंडळींना होती.

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना, १९१२ मध्ये, आपले मित्र कॅलनबाख यांच्यासोबत दूध सोडलं होतं. जास्त दूध निघावं म्हणून गाई-म्हशींवर केला जाणारा 'फुका' हा क्रूर प्रकार त्यामागचं एक मोठं कारण. १९१८ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या कामात ते आमांशाने खंगले. हवापालटासाठी माथेरानला गेले, तिथलं जड पाणी मानवलं नाही, मुंबईला परत आले. डॉ. दलाल यांनी दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही असं सांगितलं. गाय-म्हैस नको तर शेळी चालेल, ही वाट कस्तुरबांनी काढली. गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं. पण व्रताचा शब्द पाळला आणि आत्मा मोडला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. दुधाला वनस्पतिजन्य पर्याय कुणा जाणकाराने सुचवावा, असं आवाहनही त्यांनी केलं. त्या काळात तो पर्याय त्यांना मिळाला नाही. निश्चयाचा एवढा पक्का माणूस जिथे अडला, तिथे साधा संसारी माणूस नुसत्या आवाहनावर तरून जाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

गांधीजींना हवा होता तो पर्याय शोधायला वॉटसन यांच्या सहकाऱ्यांना वीस वर्षं लागली. लेस्ली क्रॉस यांनी १९५६ मध्ये फक्त वनस्पतिजन्य दुधासाठी वेगळी संस्था काढली. सुरुवातीचे प्रयोग हिरव्या पानांपासून प्रथिन काढण्याचे होते. ते बाजारात चालण्यासारखे नव्हते. अखेर सोयाबीनवर गाडी आली आणि १९६५ मध्ये प्लॅमिल हे सोया दूध ब्रिटनमध्ये विक्रीला आलं. त्यात बी-१२ हे जीवनसत्त्व घातलेलं असायचं. याकडे पुन्हा येतो.

महाराष्ट्रात सोयाबीनची कमी नाही. विदर्भ-मराठवाड्यात पोत्यांनी पिकतं. तरीही 'सोया दूध वास मारतं' म्हणून घराघरांतून एका प्रयत्नात बाद होतं. वास मारतो कारण दाणा थंड पाण्यात वाटला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) दाण्यातल्या तेलावर काम करतं आणि कच्चट, गवतासारखा वास तयार होतो. हे विकर उष्णतेने मरतं, म्हणून आधी उकळणं आणि मग वाटणं हा क्रम सांभाळायचा. १०० ग्रॅम सोयाबीन आठ ते दहा तास भिजवा, थंडीत बारा. पाणी फेकून द्या. उकळत्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून दाणे पाच मिनिटं उकळा, निथळा, चोळून सालं काढा. आता गरम पाण्यातच वाटा. सगळं मिळून ८०० मिली ते एक लिटर पाणी लागतं. मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळून घ्या. नंतर मोठ्या पातेल्यात तापवा, कारण हे दूध उकळी येण्याआधीच फेसाने वर येतं. तो फेस पाहून गॅस बंद करणं ही दुसरी नेहमीची चूक. खरी उकळी आल्यावर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ढवळत ठेवायचं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन रोखणारा घटक असतो, तो पुरेसा शिजला नाही तर पोटात गुबारा धरतो आणि दोष सोयाबीनला जातो. उरलेला चोथा थालीपिठात घाला, तोही नीट शिजवूनच.

चहात हे दूध फाटतं ही तक्रार खरी आहे. उकळता चहा, त्यातली आम्लता आणि त्यात गार दूध, हे तिन्ही एकत्र आले की प्रथिनं गोळा होतात. चहा आधी साखर-आल्यासकट उकळून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा. दूध वेगळं कोमट करून कपात घ्या आणि त्यावर चहा हळूहळू ओता. गुळाचा चहा असेल तर फाटण्याचा धोका जास्त, तिथे साखरच बरी.

दह्यासाठी शेंगदाणा सोपा. एक वाटी दाणे सहा-आठ तास भिजवून सालं काढायची, तीन वाट्या पाण्यात वाटून गाळायचं, दहा मिनिटं उकळून कोमट करायचं. विरजण म्हणून हिरव्या मिरचीचे सहा-सात देठ टाकायचे आणि आठ-दहा तास उबेत ठेवायचं. पहिलं दही पातळ लागतं. ते फेकू नका, त्याचंच विरजण लावून दुसरं लावा, ते बरं लागतं. तरी कवडीसारखं होणार नाही, कारण दुधातल्या केसीन या प्रथिनासारखी जाळी शेंगदाण्याची प्रथिनं बांधत नाहीत. मठ्ठा आणि कढी मात्र उत्तम होते. कढीला बेसन थोडं जास्त लावा आणि उकळू देऊ नका.

एक गोष्ट लपवू नये. घरच्या सोया दुधात कॅल्शियम गाईच्या दुधाच्या मानाने बरंच कमी असतं. विकतच्या डब्यात ते वरून घातलेलं असतं आणि तळाशी बसतं, म्हणून डबा दर वेळी हलवायचा. घरचंच प्यायचं असेल तर नाचणी रोजच्या जेवणात हवी. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

आता बी-१२. या जागी मला आपल्या कार्यकर्त्यांचा राग येतो. वॉटसन यांनी संस्था काढली तेव्हा हे जीवनसत्त्व वेगळं काढलंच गेलं नव्हतं, ते झालं १९४८ मध्ये. सुरुवातीच्या काही सभासदांना जीभ दुखणं, हातापायाला मुंग्या येणं असे त्रास झाले. १९५० च्या दशकात फ्रँक वोक्स यांनी अशा लोकांचा अभ्यास केला आणि कमतरता उघड झाली. संस्थेने ते झाकून ठेवलं नाही, पर्यायी दुधातच बी-१२ घातलं गेलं. आज व्हीगन सोसायटी स्पष्ट सांगते: बी-१२ घातलेल्या पदार्थांतून रोज किमान ३ मायक्रोग्रॅम, दोन वेळा विभागून, किंवा रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. मात्रा इतक्या वेगळ्या का? एका वेळी आतडं दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषतं, त्यावरचं जेमतेम एक टक्का आत जातं.

आणि आपल्याकडे अजून सांगितलं जातं की न धुतलेल्या भाज्यांतून, स्पिरुलिनातून, आंबवलेल्या इडलीतून बी-१२ मिळतं. हे धोकादायक आहे. स्पिरुलिनात बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं, शरीराला निरुपयोगी संयुग असतं. ते काही चाचण्यांत बी-१२ म्हणून मोजलंही जातं आणि अहवाल खोटा दिलासा देतो. शंका असेल तर होमोसिस्टीनही तपासून घ्यावं, बी-१२ कमी पडलं की ते रक्तात वाढतं. डाळी-पालेभाज्या भरपूर खाणाऱ्याला फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व भरपूर मिळतं, त्यामुळे रक्त चांगलं दिसत राहतं आणि मज्जातंतूंची हानी आतून चालू राहते. यकृतात साठा असल्याने पहिली दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही, आणि तेवढ्यावर 'मला काही झालं नाही' म्हणून इतरांना सल्ले सुरू होतात.

दूध पिणारे शाकाहारीही यातून सुटलेले नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ पासून केला. निम्म्याहून जास्त मातांमध्ये बी-१२ कमी होतं. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रतिरोध, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी स्थिती, अधिक आढळला, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामुळे 'आम्ही दूध पितो, आम्हाला गोळी कशाला' हे आपल्या लोकांनी म्हणू नये.

एवढं पाठीशी घेऊन मग गोठ्याबद्दल बोलावं, आणि स्पष्ट बोलावं. आपल्याकडे खरवसाचं कौतुक आहे. चीक हा वासराचा पहिला आहार. त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं वासराच्या आतड्यातून शोषली जातात ती फक्त पहिल्या दिवसभरात, आणि त्यासाठी वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक त्याला मिळायला हवा. ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्याला काम उरलं नाही. राज्यात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हशी-रेड्यांना नाही. म्हणून गोऱ्हे मोकाट सोडले जातात आणि रेडकं कसायाकडे किंवा उपाशी मरतात. फक्त कालवडी जन्माव्यात म्हणून खास निवडलेल्या वीर्याच्या कांड्या सरकारी योजनांतून मिळतात. नर वासराचं करायचं काय, हे धंद्याला सुटलेलं नाही याची ती कबुलीच आहे. यात शेतकऱ्याला खलनायक ठरवण्याचं कारण नाही. त्याचा हिशेब दुधाच्या दरावर चालतो आणि तो दर आपण ठरवतो.

वॉटसन पुढे उत्तर इंग्लंडमधल्या केझिकला राहिले, डोंगर चढले, शेणखताशिवाय बाग केली, गांडुळं कापली जाऊ नयेत म्हणून फावड्याऐवजी काट्याने माती उकरली, आणि १६ नोव्हेंबर २००५ रोजी ९५ व्या वर्षी वारले. संस्थेचं पत्रक त्यांनी १९४६ मध्येच दुसऱ्यांच्या हाती दिलं होतं.

महाराष्ट्रातल्या व्हीगन गटांना माझी मागणी साधी आहे. जत्रेत, कॉलेजात, सोसायटीत जे पान वाटता त्याच्या पहिल्या बाजूला बी-१२ ची मात्रा आणि सोया दुधाची कृती छापा, छायाचित्रं मागच्या बाजूला घ्या. त्यात ठळक अक्षरात दोन ओळी हव्यातच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईने बी-१२ कधीही चुकवू नये. तिच्यात ते नसेल तर दुधातून बाळाला मिळत नाही, आणि काही महिन्यांत बाळ हसायचं थांबतं, मान टाकतं, हातापायाला कंप सुटतो. आणि घरचं सोया किंवा बदामाचं दूध वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी देऊ नये. आईचं दूध पुरत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून बाळांसाठीच बनवलेली सोया पावडर घ्यावी.