आजोबांनी पांघरूण परत केलं

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. थंडी सुरू झाली तेव्हा तिनं घरात जाहीर केलं की पुलाखाली झोपणाऱ्या लोकांसाठी ती पांघरुणं गोळा करणार. आठवडाभर ओळखीच्या दारोदार फिरून तिनं बारा पांघरुणं जमवली, सगळ्यांची स्वतः घडी घातली आणि आम्ही संध्याकाळी निघालो.

अकरा पांघरुणं भराभर गेली. बारावं एका आजोबांपुढे धरलं. त्यांनी ते हातात घेतलं, कडेची शिवण अंगठ्यानं चाचपली, घडी न मोडता परत तिच्या हातावर ठेवलं. म्हणाले, ''चांगलं आहे गं बाळा. पण दिवसा ठेवू कुठे?''

तिला उत्तर देता येईना. मलाही नाही.

घर म्हणजे डोक्यावर छप्पर, एवढंच आपल्याला माहीत. पण घर म्हणजे वस्तू ठेवून निर्धास्तपणे बाहेर पडता येईल अशी जागाही असते, हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला सगळा संसार अंगावर वागवावा लागतो. कामाला जाताना गाठोडं मागे ठेवलं तर ते चोरीला जातं, नाहीतर साफसफाईत कचऱ्याबरोबर उचललं जातं. त्यात कधी औषधं असतात, कधी कागदपत्रं. जाडजूड पांघरूण रात्री ऊब देतं आणि दिवसभर ओझं होऊन बसतं.

घरी आल्यावर तिनं वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'आधी विचारायचं.'

पुढच्या खेपेला आम्ही रिकाम्या हातानं गेलो. ती फक्त विचारत होती आणि लिहून घेत होती. जवळजवळ प्रत्येकानं मोजे मागितले. लोक जुने कपडे हौसेनं देतात, पण मोजे आपण फाटेपर्यंत वापरतो आणि मग टाकून देतो, त्यामुळे ते वाटपाच्या ढिगात येतच नाहीत. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलात उभं राहून सैनिकांचे पाय सडायचे. त्या दुखण्याला अजूनही खंदकाच्याच नावानं ओळखतात आणि आज ते रस्त्यावर राहणाऱ्यांच्या पायांत दिसतं. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. पंधरा अंश तापमानातही पाय तासन्‌तास ओल्या मोज्यांत राहिले तर पुरतं. ज्याला दिवसभर चालावंच लागतं, त्याचे पाय गेले की मजुरीही गेली.

एका ताईंनी इकडेतिकडे बघून हळूच सॅनिटरी पॅड मागितले. एका दादाला फोन चार्ज करायला जागा हवी होती, कारण कामाचा निरोप फोनवरच येतो. आणि त्या आजोबांना हवी होती पट्ट्याची पिशवी, पावसात न भिजणारी, झोपताना उशाखाली घेता येईल अशी.

आता मोठ्या माणसांबद्दल. खरं तर ही पोस्ट त्यासाठीच लिहायला घेतली.

पोरीचं काम कानावर गेलं तसे सल्ले सुरू झाले. प्रकल्पाला नाव द्या, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट करा, बॅनर लावा, कुणा मोठ्या माणसाच्या हस्ते वाटप करा, व्हिडिओ टाका. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण त्या सगळ्यात मुलगी कुठे होती? आणि आजोबा कुठे होते?

मीही चुकले. दुसऱ्या खेपेला मी न विचारता फोटो काढला. पलीकडे आडव्या पडलेल्या एका बाईंनी चटकन तोंडावर हात घेतला. लेक मला तिथे काही बोलली नाही. परत येताना म्हणाली, ''आई, आपण झोपलेलो असताना घरात येऊन कुणी आपला फोटो काढला तर?'' फूटपाथची ती फरशी त्या बाईंची झोपायची खोली होती. मी फोटो पुसून टाकला. तेव्हापासून फोन खिशातच राहतो, आणि झोपलेल्या माणसाला आम्ही उठवत नाही.

१९८३ साली फिलाडेल्फिया शहराजवळ राहणाऱ्या ट्रेव्हर फेरेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलानं टीव्हीवर बेघरांची बातमी पाहिली आणि आईवडिलांना म्हणाला, मला आत्ता तिथे घेऊन चला. ते घेऊन गेले. त्यानं रस्त्यावरच्या एका माणसाला पांघरूण आणि स्वतःची उशी दिली. पुढे त्यातून रोज रात्री मदत घेऊन जाणाऱ्यांचा मोठा गट उभा राहिला, निवारा सुरू झाला, १९८६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी संसदेपुढच्या भाषणात त्याचं नाव घेतलं. या सगळ्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती पहिली रात्र. आईवडिलांनी काय केलं? गाडी काढली. 'उद्या बघू' म्हणाले नाहीत.

कॅनडात विनिपेगच्या हॅना टेलरनं पाच वर्षांची असताना एका माणसाला कचऱ्याच्या डब्यातून खाताना पाहिलं. ती घरच्यांना प्रश्न विचारत राहिली. पुढे काचेच्या बरण्या रंगवून तिनं सुटे पैसे जमवायला सुरुवात केली आणि २००४ मध्ये, आठ वर्षांची असताना, त्याची रीतसर संस्था झाली. बँकेचं खातं, हिशेब, रात्रीच्या वेळी सोबत असणं, कुठे जायचं नाही हे ठरवणं ही कामं मोठ्यांचीच, आणि ती चोख केली पाहिजेत. पण काय करायचं आणि का, हे मुलाच्या हातून काढून घेऊ नका. हात जोडून सांगते.

कारण मुलं जे विचारतात ते आपण विचारायचं सोडून दिलंय. माझ्या लेकीनं एका ओळखीच्या गृहस्थांना विचारलं, ''आजोबांना घरच का देत नाहीत?'' ते हसून म्हणाले, ''असं नसतं बाळा. आधी व्यसनं सुटायला हवीत, कामधंदा हवा, मग घर.''

असं असतं. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञानं नेमका उलटा क्रम लावला. आधी घर, अट न घालता. मग उपचार, मग काम. फिनलंडनं २००८ पासून हेच देशाचं धोरण केलं, माणसाच्या स्वतःच्या नावाचा भाडेकरार करून दिला, आणि तिथे वर्षानुवर्षं बेघर असलेल्यांची संख्या खूप घटली. दाराला कडी असेल तर गोळ्या वेळेवर घेता येतात, रात्रभर सामान राखत जागावं लागत नाही, कामावर आंघोळ करून जाता येतं. उघड्यावर राहून आधी सुधारून दाखव, ही अट भल्याभल्यांना पाळता येणार नाही.

त्या गृहस्थांशी मी वाद घातला नाही. घालायला हवा होता. कारण त्यांच्या उत्तरानंतर लेक गप्प झाली, आणि पिशव्या भरणं चालू राहिलं तरी तो प्रश्न विझला असता. त्या रात्री मी तिला फिनलंडचं सगळं सांगितलं. ती उठून बसली. ''म्हणजे मी बरोबर होते?''

''हो,'' म्हटलं, ''तू बरोबर होतीस.''

आजोबांना पिशवी मिळाली. पट्टा लांब होता, तो त्यांनी गाठ मारून आखूड केला आणि खांद्याला लावून दोन पावलं चालून दाखवलं. मग आतल्या कप्प्यात हात घालून विचारलं की कागद इथे भिजणार नाहीत ना. ओळखपत्र नव्यानं काढायचंय त्यांना, पण अर्जात पत्त्याचा रकाना आहे.

लेकीच्या वहीत आता नवं पान सुरू झालंय. वर लिहिलंय, 'पत्ता कुणाचा लिहायचा?' खाली आमच्या घराचा पत्ता आहे, पुढे प्रश्नचिन्ह. चालेल का, हे उद्या आम्ही दोघी विचारायला जाणार आहोत.