एसटीने जा, म्हणे

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मागून डिपर (हेडलाइटची उघडझाप) मारून वाट मागणाऱ्यांवर मी 'डिपर मारणाऱ्यांस' हा लेख लिहिला होता. त्यावर एका वाचकाने (नाव लिहायची तसदी घेतलेली नाही) प्रतिक्रिया दिली आहे: "काका, तो बोगदा माडपचा नाही, भाताणचा. आणि उजवी लेन अडवून ऐंशी-नव्वदने रमतगमत जाणारे तुमच्यासारखे लोकच एक्स्प्रेसवेची डोकेदुखी आहेत, तुमच्यामुळेच बाकीच्यांना डावीकडून काढावी लागते. डिपर म्हणजे दादागिरी नव्हे, वाट मागणं. गाडी झेपत नसेल तर एसटीने जा."

बोगद्याचं मान्य. मुंबईहून येताना आधी भाताण, मग माडप. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता 'एसटीने जा'. माझे वडील एसटीत चालक होते. स्वारगेट डेपो, सत्तावीस वर्षं. एक्स्प्रेसवेचा पत्ता नव्हता तेव्हा जुन्या हायवेने बोरघाट चढायचा, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, मागे पन्नास माणसं घेऊन. सुट्टीत मी त्यांच्या शेजारी इंजिनाच्या गरम झाकणाजवळ बसून जायचो. घाटात चढणाऱ्याला आधी वाट, उतरणाऱ्याने थांबायचं, हे मी तिथे शिकलो. मागच्याला पुढे सोडायचं असलं की वडील खिडकीतून हात काढून 'जा' अशी खूण करायचे, आणि तो जाताना एकदाच, हलका हॉर्न द्यायचा. तुम्ही टोमणा म्हणून एसटीचं नाव घेतलंत. आमची चूल त्या एसटीवर पेटायची. आजही दादरहून शिवनेरीत बसायला मला लाज वाटत नाही, आणि तुम्ही सुचवायची तर मुळीच गरज नाही.

राहिलं 'झेपत नसेल'. मी 1994 पासून गाडी चालवतोय. 2002 मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण खुला झाला तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी त्यावर असतो. आजवर एक चलान, तेही पार्किंगचं. तुमची किती झाली, विचारत नाही.

आणि लेखातल्या त्या दिवशी काटा पंचाण्णववर होता, ऐंशी-नव्वदवर नव्हे. सपाटीवर कारला मर्यादा 100ची आहे. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर पुढे जाते. मागचा महाभाग दोन गाड्यांच्या अंतरावर चिकटून दिवे मारत होता. मी ब्रेकला नुसता पाय लावला असता तर त्याला दचकायलाही वेळ मिळाला नसता. ह्याला वाट मागणं म्हणतात होय? अख्खा रस्ता साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. शंभरने सत्तावन्न मिनिटं, एकशेतीसने चव्वेचाळीस, तेही घाट नाहीच असं धरून. वाचलेली तेरा मिनिटं खालापूरच्या फूड मॉलवर वडापावच्या रांगेत जातात, हे मी दर वेळी बघतो.

उजवी लेन ओव्हरटेकपुरती, हे मला शिकवू नका. मी ओव्हरटेकच करत होतो. डाव्या लेनमध्ये राहायचे ते कंटेनर मधल्या लेनमध्ये एकमेकांशी शर्यत लावतात, एकाला दुसरा पार करायला दोन-दोन किलोमीटर घेतो, मग कारवाल्याने जायचं कुठे? रांग लांब होती, म्हणून मी उजवीकडे जरा जास्त वेळ राहिलो. मधे एक-दोन फटी होत्या, नाही म्हणत नाही. शेजारी बसलेला मुलगाही म्हणाला, "बाबा, घ्या ना डावीकडे." पण तो नीट म्हणाला. त्याचं तरी मी कुठे ऐकलं, हा भाग वेगळा.

डावीकडून काढण्याबद्दल लिहीत बसत नाही, त्याचं समर्थन करणाऱ्याशी काय बोलणार? आणि ते 'काका'. आपली ओळख नाही, राव. नाव लिहा, मग बघू काका म्हणायचं की नाही ते.