बेंबीएवढं पाणी

खोल पाण्यात बुडणाऱ्या माणसाला एक मान असतो. काठावर धावपळ होते, कोणी दोर टाकतं, कोणी ट्यूब टाकतं, बाहेर काढल्यावर अंगावर टॉवेल टाकून पाठीवरून हात फिरवतात. मी दिवसभरात चाळीसेक वेळा पाण्यात पडलो, नाकातोंडात पाणी गेलं, एकदा तर बेंबीच्या देठापासून ओरडलोसुद्धा, आणि काठावरून बायकोचं उत्तर काय आलं? "अहो, उभे राहा."

उभा राहिलो. पाणी बेंबीच्या देठापर्यंतच होतं.

विंडसर्फिंगचं, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्यावर जाण्याचं, हे खूळ मुळात भाच्याचं. "मामा, तळं एकदम सपाट आहे, लाटाबिटा काही नाही, पाणी कमरेएवढं, तुझ्यासारख्यासाठी आयडियल." तुझ्यासारख्यासाठी म्हणजे नेमकं काय, वय की वजन की पोहण्यातली गती, हे मी विचारलं नाही कारण उत्तर कुठलंही असलं तरी ते बरोबरच असणार होतं.

शिकवायला एक मुलगी होती, बावीसतेवीस वर्षांची, उन्हाने रापलेली, प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला "काका" म्हणणारी. तिने आधी वाळूवर सगळं समजावलं. साध्या शिडाच्या होडीत डोलकाठी पक्की ठोकलेली असते आणि वळवायला सुकाणू असतं. इथे सुकाणू नाही, आणि डोलकाठी, जिला ती मास्ट म्हणत होती, तिच्या बुडाशी एक सांधा, जो पुढे मागे डावीकडे उजवीकडे कुठेही कलंडतो. सगळी अक्कल त्या सांध्यात आहे म्हणे. मास्ट पुढे झुकवला की बोर्डाचं नाक वाऱ्यापासून लांब जातं, मागे झुकवला की वाऱ्याकडे येतं. "मग शीड उभं कोण धरणार?" मी विचारलं. "काका, तुम्ही." म्हणजे होडीत जे काम खिळे आणि नटबोल्ट करतात ते माझ्या कमरेने करायचं, आणि माझ्या कमरेबद्दल डॉक्टरांचं वेगळं मत आहे.

बोर्ड मला दोनशे लिटरचा दिला. इथे बोर्ड लिटरमध्ये मोजतात, पाण्याच्या टाकीसारखा. हिशोब सोपा आहे, एक लिटर म्हणजे साधारण एक किलो पाण्यावर तोलून धरणार, त्यातून बोर्डाचं स्वतःचं वजन वजा. नवशिक्याला जाड, रुंद, दार उचकटून आणल्यासारखा बोर्ड देतात म्हणजे तो निदान स्वतःहून तरी बुडत नाही. मुरलेली मंडळी नव्वद लिटरच्या नाजूक फळीवर असतात. त्या दिवशी तसा एकजण तळ्यावर होता, अंगाला चिकटलेला काळा सूट, कमरेला शिडाला अडकवायचा पट्टा, म्हणजे हार्नेस, आणि तो दर दहा मिनिटांनी माझ्या बाजूने सुर्रकन जायचा आणि जाताना मान हलवायचा. ती सहानुभूती होती असं भाच्याचं म्हणणं आहे. मला तसं वाटत नाही.

आता अपहॉल. हा प्रकार नीट सांगायलाच हवा कारण माझा अर्धा दिवस त्यात गेला. शीड पाण्यात आडवं पडलेलं असतं, तुम्ही बोर्डावर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचं, पाय मास्टच्या दोन्ही बाजूंना, गुडघे वाकलेले, पाठ ताठ, आणि एक जाड गाठीगाठींची दोरी ओढून शीड वर आणायचं. शीड साडेचार चौरस मीटरचं, म्हणजे डबल बेडच्या चादरीहून थोडंसंच लहान. आता ती चादर भिजवा, पाण्यावर पसरा, आणि तिचं एक टोक धरून सरळ वर उचलून बघा, तेही डुगडुगणाऱ्या पाटावर उभं राहून. चादरीवर बसलेलं पाणी आधी वजन दाखवतं. तुम्ही मागे रेलून जीव खाऊन ओढता, काही होत नाही, अजून ओढता, मग एका कडेखाली वारा शिरतो, सगळं पाणी एकदम निथळून जातं आणि शीड पिसासारखं हलकं होऊन उभं राहतं. तुम्ही मात्र अजून जीव खाऊनच ओढत असता. परिणाम, मी पाठीवर आणि शीड माझ्यावर.

"काका, हळू. ओढू नका, फक्त मागे रेला आणि थांबा, पाणी आपोआप निथळतं."

हे मला अकराव्या वेळी कळलं. बाराव्या वेळी शीड नेमकं वाऱ्याच्या बाजूला पडलं होतं, म्हणजे जिथून वारा येतोय तिथेच. ते आधी हळूहळू बोर्ड फिरवून दुसऱ्या बाजूला आणायचं असतं. मी तसंच उचललं. वाऱ्याने ते आतून भरलं, दार कोणी लाथ मारून उघडावं तसं माझ्यावर आपटलं, आणि मी बोर्डाच्या ज्या बाजूने चढलो होतो त्याच्या विरुद्ध बाजूने उतरलो.

पडण्याचंही शिक्षण असतं हे मला माहीत नव्हतं. खोल पाण्यात कसंही पडा. उथळ पाण्यात डोक्यावर पडायचं नाही हे तर उघडच आहे, पण पायांवरही उडी मारायची नाही, कारण तळाशी काय आहे ते दिसत नाही आणि घोटा तिथेच राहतो, तुम्ही पुढे जाता. पडायचं ते पाठीवर, पसरट, हातपाय फाकून. मी आयुष्यभर अब्रू सांभाळून पडायचा प्रयत्न करत आलो आणि इथे पहिल्याच तासाला बाई सांगतायत की काका, पसरून पडा. पसरून पडलं की ढुंगण तळाला टेकतं. तळ म्हणजे गाळ, मऊ, कोमट, आणि ढवळला की असा वास मारतो की आपण कोणाच्या तरी खाजगी गोष्टीत ढवळाढवळ केली असं वाटावं. तसल्या तळ्यात वारा उठला की गाळ आपोआपच ढवळतो, पाणी दुधाळ तपकिरी होतं, आणि मग स्वतःचे गुडघेसुद्धा दिसत नाहीत. याच गाळाने तेराव्या की चौदाव्या वेळी माझा डावा बूट खाल्ला. पाय आला, बूट राहिला. मी वाकून कोपरापर्यंत हात घालून शोधला, हाताला एक शिंपला लागला, एक दोरीचा तुकडा लागला, बूट नाही.

बाहेर येऊन जरा टेकलो तर भाच्याने प्रोत्साहन म्हणून इतिहास काढला. हॉइल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक या दोन अमेरिकनांनी १९६८ मध्ये या प्रकाराच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पुढे ब्रिटनमध्ये त्यावरून खटला झाला आणि त्यात निघालं की पीटर चिल्व्हर्स नावाचा इंग्लिश मुलगा १९५८ मध्येच हेलिंग बेटावर असली शीडवाली फळी चालवत होता. तेव्हा त्याचं वय बारा. शेवटी वरच्या कोर्टाचा निकाल लागला आणि तिकडे ते पेटंट टिकलं नाही. "म्हणजे बघ मामा, बारा वर्षांच्या पोराला जमत होतं, आणि हे कोर्टाने मान्य केलंय." प्रोत्साहन देण्याची ही नवीन पिढीची पद्धत मला कळत नाही. आतापर्यंत मला नुसतं जमत नव्हतं, आता ते कायद्यानेही लाजिरवाणं ठरलं.

दुपारी मात्र जमलं. खरंच जमलं. शीड वर आलं, पुढचा हात बूमवर, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांड्यावर, मग मागचा हात, मागचा हात जरासा ओढला आणि पायाखालून खळखळ असा आवाज यायला लागला. बोर्ड चालला होता! वारा आठदहा नॉटचा, म्हणजे सायकल मजेत चालवताना तोंडावर लागतो तेवढाच, पण मला विमानात बसल्यासारखं वाटत होतं. मान वळवून काठाकडे बघितलं, बायकोने हात हलवला, मीही हलवणार होतो पण दोन्ही हात गुंतलेले. आणि तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला.

वाऱ्याची एक खोड आहे, त्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. हे मला भौतिकशास्त्राच्या पेपरात आलं असतं तर मी ऑप्शनला टाकलं असतं. अशा वेळी मागचा हात सोडून द्यायचा, शिडातला वारा निघून जातो, बोर्ड थांबतो, इतकं सोपं. मुलीने दहादा सांगितलं होतं. पण घाबरलेला माणूस हातातली गोष्ट सोडतो का? उलट घट्ट धरतो. मी घट्ट धरलं. मी जितका घट्ट धरत होतो तितका बोर्ड जास्त पळत होता, काठावरून "सोडा काका, सोडा" ऐकू येत होतं, आणि मला तेव्हा ते "सोडू नका" असं ऐकू आलं, हे मी शपथेवर सांगतो.

बोर्डाच्या खाली मागच्या बाजूला एक फिन असते, माशाच्या पराइतकी निरागस. ती तळ्यातल्या एका उंचवट्यात घुसली आणि बोर्ड जागच्या जागी थांबला. मला कोणी थांबायला सांगितलं नव्हतं. मी, मास्ट, बूम आणि शीड असे चौघे एकत्र पुढे गेलो, आणि पडताना एवढंच आठवलं की पाठीवर पडायचं होतं, पण ते ठरवायला उशीर झाला होता. तोंडघशी पडणे हा वाक्प्रचार मी इतकी वर्षं उगाच वापरत होतो. तोंडात आलेला गाळ थुंकून उभा राहिलो तर पाणी गुडघ्याएवढं. गुडघ्याएवढ्या पाण्यात! लाइफजॅकेट घालून!

आता परतायचं. तुम्ही जितक्या वेळा पडता तितक्या वेळा वारा तुम्हाला थोडं थोडं पुढे ढकलत असतो, आणि वाऱ्याविरुद्ध परत यायला जी वळणावळणाची विद्या लागते ती दुसऱ्या दिवशीच्या धड्यात होती. खोल पाणी असतं तर बोट आली असती न्यायला. इथे कोण येणार? चालत या. एका हाताने मास्ट धरायचा, दुसऱ्या हाताने बोर्डाचं शेपूट, आणि हट्टी जनावर बाजारातून घरी न्यावं तसं त्याला ओढत निघायचं. शिडाचा कोपरा चुकून वाऱ्याकडे गेला की ते कोलांटी मारतं. या तासाभराच्या पायपिटीला या खेळात स्वतंत्र नाव आहे, लाजेची चाल, आणि अट्टल लोकही ती चालून आलेले असतात असं भाचा नंतर म्हणाला.

चालताना विचार करायला वेळ भरपूर. ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या सीमेवर नॉयझीडल नावाचं तळं आहे, छत्तीसेक किलोमीटर लांब, आणि खोली मात्र जेमतेम माणसाच्या उंचीएवढी. असल्या पसरट तळ्यात वारा जोराचा लागला की पाणीच एका काठाकडे सरकतं, म्हणजे एकीकडे वाढतं आणि दुसरीकडे चिखल उघडा पडतो. तिथे लोक हौसेने विंडसर्फिंगला जातात. आणि नामिबियात ल्यूडरित्झला तर मुद्दाम कालवा खणून त्यात शर्यती लावल्या, उथळ, अरुंद, लाट उठायला जागाच नाही असा. तिथे २०१५ मध्ये आंत्वान अल्बो या फ्रेंच माणसाने ५३.२७ नॉटचा वेग गाठला, म्हणजे ताशी ९८ किलोमीटरच्या वर. उथळ पाण्यावर. याचा अर्थ दोष पाण्याचा नव्हता, आणि हा विचार मी तिथेच सोडून दिला.

अर्ध्या वाटेवर वारा पडला. एकदम, पंखा बंद केल्यासारखा. आणि बघतो तर काय, तो काळ्या सूटवाला माझ्याआधी थोडा पुढे पाण्यात उभा! नव्वद लिटरची फळी, त्यावर हा धिप्पाड गडी. पळत असेपर्यंत ती फळी पाण्याच्या वर तरंगते, वारा गेला की सरळ बुडते. म्हणजे तोही चालत निघाला होता, तसाच, एका हातात मास्ट, एका हातात शेपूट, शिवाय अनवाणी आणि लंगडत.

"शिंपला लागला पायाला," तो म्हणाला, आणि माझ्या बोर्डाकडे बघायला लागला. "तुमचा केवढ्याचा?"

"दोनशे लिटर," मी म्हणालो. दिवसभरात पहिल्यांदा छाती काढून.

"जरा टेकू का?"

टेका म्हटलं. तो एका कडेवर बसला, मी त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्या कडेवर, दोघांची शिडं बाजूला पाण्यावर पसरलेली, पाय पाण्यात. तो त्याच्या जुन्या जखमा सांगत होता, मी आजच्या. बोर्ड मस्त तरंगत होता. किती वर्षं करताय, असं त्याने विचारलं आणि मी "सकाळपासून" म्हणणार इतक्यात माझा उरलेला उजवा बूट पायातून सुटून शांतपणे निघून जाताना दिसला. एक तर गाळात गेलाच होता, दुसरा जाऊ देणं शक्य नव्हतं, मी झटकन उठलो.

माझ्या कडेवर आता कोणीच नव्हतं. मागे मोठा धबाक्कन आवाज झाला, बोर्ड माझ्या पोटऱ्यांवर आदळला आणि पाण्यात नुसते हात दिसायला लागले, दोन्ही, जोरजोरात हलणारे.

मी आधी बूट पकडला. मग वळून म्हणालो, "अहो, उभे राहा."