डाव्या हाताचा खेळ

भजनी मंडळात बावीस वर्षे पेटी वाजवणाऱ्या माणसाने सेहेचाळिसाव्या वर्षी संगीताच्या पदवीसाठी महाविद्यालयात नाव घालावे, आणि तेही पंडित रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे पेटीवादक ज्या गावात होऊन गेले त्या बेळगावात, यात मला तरी काही गैर वाटले नाही. "पदवी म्हणजे आपल्या डाव्या हाताचा खेळ," असे शहापुरातल्या आमच्या गल्लीत चारचौघांना सांगूनही झाले होते. पुढे वेळापत्रक हाती पडले तेव्हा कळले, की विद्यार्थी गाणारा असो, तबल्याचा असो वा सतारीचा, पहिल्या सत्रात प्रत्येकाला सामूहिक पियानोवर्ग सक्तीचा आहे.

वर्गात बारा डिजिटल पियानो रांगांत मांडलेले होते आणि प्रत्येकाला स्वतंत्र हेडफोन होता. ज्याचे त्यालाच ऐकू येई. बाहेरून जाणाऱ्याला मात्र पट्ट्यांची नुसती टपटप ऐकू येऊन आत टायपिंगची परीक्षा चालली आहे असे वाटे. जुलैतल्या पावसात वीज गेली की बाराही पियानो एकदम मुके होत आणि तेवढ्या वेळापुरता कोपऱ्यातल्या पेटीचा व माझा भाव वधारे. दुसऱ्याच दिवशी पाच बोटांनी पाच स्वर वाजवण्याचा धडा होता. पट्टीवर बोट पडले की गळ्यातून स्वर निघणे ही माझी जुनी खोड. तेव्हा डोळे मिटून, खुल्या आवाजात, मी चांगली दहा मिनिटे सा रे ग म प केले. डोळे उघडले तेव्हा उरलेल्या अकराही जणांनी हेडफोन काढून ठेवले होते. मॅडम त्यांच्या टेबलावरून कोणाच्याही कानात बोलू शकतात, हेही त्याच दिवशी समजले, कारण "मनगट पाडू नका" अशी आकाशवाणी झाली आणि मी छताकडे पाहिले.

खरा घोळ घातला तो डाव्या हाताने. पेटीवर उजव्याने पट्ट्या दाबायच्या आणि डाव्याने भाता हलवायचा, अशी दोन हातांत जन्माची वाटणी झालेली असते. मॅडमनी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवायला सांगितले, मी उजव्याने सा दाबला, आणि डावा हात मला न विचारता उठून पियानोच्या मागच्या बाजूला गेला व तिथे नसलेला भाता हलवू लागला. त्या बाजूला पुढच्या रांगेतल्या मुलाची पाठ होती. मुलगा गोकाककडचा, कन्नड बोलणारा आणि फार सोशिक. पाठीवर तिसरी थाप पडल्यावर तो वळून "स्वल्प निधान री, काका", म्हणजे जरा हळू, एवढेच म्हणाला.

दुसरी अडचण बोटांची. १७०० च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने हे वाद्य घडवले तेच मुळी बोट अलगद पडले तर स्वर लहान आणि जोरात पडले तर मोठा यावा म्हणून. 'पियानो' या शब्दाचा अर्थच 'हळू' असा आहे. पेटीत हा लहानमोठेपणा भात्याकडे असतो, त्यामुळे माझी बोटे दाराची बेल दाबावी तशी पट्टी दाबत आली होती. त्यात सी मेजर, म्हणजे आपला सगळ्या शुद्ध स्वरांचा बिलावल, दोन्ही हातांनी एकत्र चढवायचा. उजव्या हाताचा अंगठा चौथ्या स्वराला बोटांखालून सरकतो, डाव्या हाताचे मधले बोट सहाव्या स्वराला अंगठ्यावरून उडी मारते, आणि दोघांनी एकमेकांची नक्कल करायची नाही. करंगळीला तर शाळेत वर्गाबाहेर जाण्याची परवानगी मागण्यापलीकडे आयुष्यात काम पडलेले नव्हते. तिच्यावर आता डाव्या हाताचा पहिलाच स्वर सोपवलेला होता.

दुसऱ्या महिन्यात जी मेजर आले. नोटेशनच्या पाच रेघांच्या आरंभी एकच चिन्ह होते आणि त्याचा अर्थ असा, की एफची पांढरी पट्टी सोडून तिच्या उजवीकडची काळी, पेटीच्या भाषेत काळी तीन, घ्यायची. पांढरी एकला, म्हणजे सीला, सा, मध्यम तीव्र, बाकी सगळे शुद्ध! हा तर यमन, म्हणून मी हरखलो आणि पुढच्या रेघांकडे ढुंकूनही न पाहता नि रे ग करून आलाप सुरू केला.

"काय वाजवताय?" कानात आवाज आला.

"यमन."

थोडा वेळ शांतता पसरली. "छान आहे. पण सा पांढरी पाचला धरा, म्हणजे तुमचा बिलावल होईल."

जीला पांढरी पाच म्हणणाऱ्या मॅडमना पेटीवाल्यांची भाषा येते हे मला तेव्हा कळले. स्वर तेच सात, फक्त सा सरकवला की यमनाचा बिलावल होतो. मूर्च्छनेची ही व्याख्या मी परीक्षेसाठी तोंडपाठ केली होती, पण ती अशी भर वर्गात अंगावर येईल असे वाटले नव्हते.

घरी पियानो नव्हता, ४२ पट्ट्यांची पेटी होती. दोन्ही हात वाजवण्यात गुंतले तर भाता कोणी हलवायचा? ते काम पत्नीने पत्करले. समोर बसून एका हाताने भाता हलवत, दुसऱ्याने तांदूळ निवडत ती मालिका पाही. मालिकेतल्या सासूने कारस्थान रचले की भाता दुप्पट वेगाने चाले आणि माझे 'हळू' कडाडून निघे. जाहिरात लागली की ती पाणी प्यायला उठे आणि स्वराचा श्वास अर्ध्यातच कोंडे. पण या सरावाने डावा हात हळूहळू माणसाळला. कार्तिकी एकादशीपर्यंत तो इतका माणसाळला, की देवळात बुवांनी अभंगाची चाल चढवली, पखवाज दुगुनीत गेला, आणि हा पठ्ठ्या भाता सोडून थेट पट्ट्यांवर येऊन खर्जात सा-प धरून बसला. पेटीने एक लांब उसासा टाकला.

"हवा गेली की वो!" मागून टाळकऱ्यांतला कोणी ओरडला.

बुवांनी अभंग थांबवला नाही. माझ्याकडे न पाहताच त्यांनी हातातले टाळ मांडीवर ठेवले, बसल्या जागेवरून हात लांब करून भाता धरला आणि बरोबर समेवर तो हलवायला सुरुवात केली. मग डावा हात परत बोलावण्याची मलाही काही घाई वाटली नाही.