मीटरचा काटा आणि एक काका

650 रुपये मोजून आलो आणि आता गाडीच्या मीटरमधले आकडे दिसतात, काटा दिसत नाही. आधी दोन्ही दिसत नव्हते. म्हणजे तसं पाहिलं तर पन्नास टक्के काम झालं.

पंधरा वर्षं जुन्या गाडीच्या मीटरची लाइट गेली होती, एवढंच. दिवसा काही अडत नव्हतं. पण रात्री नागपूरच्या वर्धा रोडच्या त्या 3.14 किलोमीटरच्या, गिनीज बुकात गेलेल्या डबलडेकर पुलावर, वर मेट्रो, खाली रस्ता, मध्ये मी, आणि मी किती वेगानं चाललोय हे मला सोडून सगळ्यांना कळत होतं. बायको मोबाइलचा टॉर्च मारून "पासष्ट!" म्हणायची, तोवर पंच्याहत्तर झालेले असायचे.

शेवटी सक्करदऱ्याकडच्या एका वायरिंगवाल्याकडे गाडी घातली. पोरगं हुशार. "मागं जाऊन पाहा, टेललाइट जळून राहिली का?" जळत होती. "मंग फ्यूज ठीक आहे, लाइन एकच राहते. बल्ब उडाले." मी खूश. अर्ध्या तासात घरी, असं मनात म्हटलं, आणि तेवढ्यात काका आले.

काका म्हणजे साठीचे, पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पन्नी. पन्नीत खर्रा, म्हणजे आमच्याकडची तंबाखू-सुपारी. तो घोटता घोटता त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं. "काय झालं जी?"

"मीटरची लाइट गेली."

"मीटर कायले पाहिजे? आमची अॅम्बेसेडर होती. पंध्रा वर्षं मीटर बंद. रोज नागपूर-अमरावती. साठच्या वर गेलं का दार वाजे, सत्तरले काच वाजे, ऐंशीले बायको." घोटणं थांबवून त्यांनी माझ्या गाडीचं दार उघडून-लावून पाहिलं. "तुमचं दार वाजत नाही. म्हणून तुमाले मीटर लागते."

यावर काय बोलणार? मे महिन्याचं ऊन, झाड एकच, त्याखाली माझी गाडी. काका सरळ शेजारच्या सीटवर बसले. पोरगं स्टिअरिंग खाली करून वाकडंतिकडं होत मीटरभोवतीची पट्टी काढत होतं. निघालेले दोन्ही स्क्रू "हरपतीन" म्हणून काकांनी आपल्या मुठीत घेतले. त्याच मुठीत, ज्यात पन्नी होती. मी पाहिलं. बोललो नाही.

मीटर बाहेर आलं, मागचा कपलर काढला. पाठीवर फिरकीचे छोटे होल्डर, त्यात करंगळीच्या पेराएवढे काचेचे बल्ब, काळे पडलेले. एकेक दहा-वीस रुपयांची वस्तू. ती बदलायला अर्धा डॅशबोर्ड सोलायचा! ज्यानं हे डिझाइन केलं त्याला एकदा या झाडाखाली बसवायला हवं. नव्या गाड्यांत तर लाइट मीटरच्या सर्किटवरच डाग देऊन चिकटवलेली असते. गेली की बहुतेक ठिकाणी अख्खं मीटरच बदला म्हणतात.

"पिवळा टाकू का एलईडी?" पोरानं मला विचारलं.

"एलईडी टाक," काका म्हणाले. "निळा. पांढरा दवाखान्यात राहते."

मी मान हलवली. का हलवली, याचं उत्तर दोन दिवस शोधतोय.

पहिला एलईडी लागलाच नाही. पोरानं तो काढून उलटा बसवला तसा लागला. काका म्हणाले, "पाहा, जमलं ना बाप्पा," जणू त्यांनीच फिरवला. उन्हात सगळं निळं, सुंदर. पैसे दिले, काकांनी खर्रा पुढे केला, मी नको म्हटलं.

रात्री कळलं. आकडे निळे लखलखीत, लग्नाच्या मंडपासारखे, आणि काटा गायब. कारण काटा लाल प्लास्टिकचा, आणि निळ्या उजेडात लाल वस्तू काळी दिसते. हे आठवीच्या विज्ञानात शिकलो होतो. तेव्हा पूर्ण मार्कही मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी परत गेलो.

"तुमीच निळा म्हणले ना साहेब," पोरगं म्हणालं.

"मी नाही. काका म्हणाले."

"मंग? तुमच्यासंगंच आले होते ना ते?"

"माझ्यासोबत? अरे, मला वाटलं तुझ्या दुकानातले!"

दोघंही रस्त्याकडे पाहत राहिलो. पट्टीचा एक स्क्रूही लागलेला नव्हता. "काकांजवळ असन," पोरगं म्हणालं, आणि परत खोलायचे चारशे सांगितले. लहान पोराशी घासाघीस करायची लाज वाटते, आणि न करण्याचा राग येतो. निघून आलो.

काल पुलावर ती पट्टी वाजायला लागली. बायकोनं टॉर्च मारून काट्याची जागा शोधली. बरोबर साठ. म्हणजे आता काकांच्या अॅम्बेसेडरसारखंच. फक्त बायको ऐंशीची वाट पाहत नाही.