‘काम बोलतं’ एवढ्याने भागत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नेतृत्वाच्या नव्या पदावर गेल्यावर स्वतःची ओळख, म्हणजे पर्सनल ब्रँड, कसा घडवावा या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात लिहू नये म्हणून थांबले. राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगते.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. ज्यांना काम येत नाही तेच ब्रँडिंग करतात. काम बोलतं. हे सगळं सोशल मीडियाने आणलेलं फॅड आहे. अबोल माणसांना ते जमत नाही. आणि शेवटी, ‘मॅडम, तुम्ही कधी चार माणसांची टीम तरी सांभाळली आहे का?’

शेवटचं आधी घेते. हा प्रश्न नाही, टोमणा आहे. माझ्या लेखांची पिसं काढणाऱ्या कितीतरी प्रतिक्रिया मी इथे जशाच्या तशा ठेवल्या आहेत. मतभेदाचं मला वावडं नाही. पण मुद्दा सोडून माणसाच्या लायकीवर यायचं, तेही स्वतःचं नाव न लावता, याला मी टीका म्हणत नाही. तरी उत्तर हवंच असेल तर घ्या: हो, सांभाळली आहे. सुपरवायझर म्हणून सुरुवात करून मी ऑपरेशन्सची विभागप्रमुख झाले. रात्रपाळीची रोस्टरं लावली आहेत, अप्रेझलमध्ये रडणाऱ्या माणसासमोर बसले आहे, आणि ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्यांचीच बॉस होऊन पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर उभी राहिले आहे. हे शेवटचं ज्याच्या वाट्याला आलंय, तो ‘काम बोलतं’ म्हणून विषय मिटवणार नाही.

तुमची एक गोष्ट मान्य करते. लिंक्डइन प्रोफाइलचा भाग लेखात नको तितका लांबला आहे. फोटो कसा असावा यावर दोन परिच्छेद खर्ची घालायची गरज नव्हती. तो भाग मी कापणार आहे. पण तेवढ्यावरून अख्ख्या लेखाला ‘फोटो आणि पोस्टचा धंदा’ म्हणत असाल, तर तुम्ही मधला भाग न वाचताच लिहायला बसलात.

आता ‘काम बोलतं’.

जुन्या जागी तुमचं काम बोलत होतं, कारण ते डोळ्यांनी पाहिलेली माणसं तिथे होती. नव्या पदावर बसता तेव्हा जुनं काम कोणी पाहिलेलं नसतं आणि नवं अजून झालेलं नसतं. प्रमुखाच्या कामाचा निकाल दिसायला दोन-तीन तिमाह्या जातात. भरती म्हणा, बजेट म्हणा, एखादी प्रक्रिया बदलणं म्हणा, पहिल्या महिन्यात कशाचंच फळ हाती येत नाही. माणसं मात्र तुमच्याबद्दल मत बनवायला तिमाही संपायची वाट बघत नाहीत. पहिल्या बैठकीत तुम्ही कोणाला मध्येच तोडलंत, कोणाच्या मेलला उत्तर दिलं नाहीत, चूक सांगणाऱ्याकडे कसं पाहिलंत, यावरून त्यांचं ठरतं. शिवाय प्रमुख झाल्यावर काम तुमच्या हातचं राहतच नाही. ते दुसऱ्यांच्या हातून होतं. तुम्हाला काय चालतं आणि काय अजिबात चालत नाही, हे त्या दुसऱ्यांना कळलेलं नसेल, तर ते अंदाजाने वागतात. घाबरलेल्या माणसाचा अंदाज नेहमी वाईटच असतो.

फोर्डचं उदाहरण मी लेखात दिलं होतं, तुम्ही त्याला हातही लावला नाहीत. म्हणून पुन्हा देते. अ‍ॅलन मुलाली सप्टेंबर 2006 मध्ये फोर्डचे सीईओ झाले. आले बोइंगमधून, म्हणजे विमानं बनवणारा माणूस. मोटारींच्या धंद्यात त्यांचं काम बोलायला तिथे काही नव्हतंच. त्यांनी दर गुरुवारी वरिष्ठांची आढावा बैठक सुरू केली. प्रत्येकाने आपल्या कामाच्या तक्त्याला रंग द्यायचा: ठीक असेल तर हिरवा, धोका दिसत असेल तर पिवळा, अडलं असेल तर लाल. सुरुवातीला सगळे तक्ते हिरवेगार. त्याच वर्षी कंपनीला 12 अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला, तरी बैठकीत एकही लाल रंग नाही. मग मार्क फील्ड्स यांनी नव्या गाडीच्या रखडलेल्या लाँचचा तक्ता लाल करून आणला. आता यांची गच्छंती, असं बाकीच्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि यांना मदत कोण करू शकेल, असं विचारलं. हळूहळू इतरांचेही तक्ते रंग बदलू लागले. पुढे 2014 मध्ये मुलालींच्या जागी सीईओ झाले ते हेच फील्ड्स.

त्या टाळ्यांना मी ब्रँडिंग म्हणते. ‘मला खरं सांगितलं तर तुमचं नुकसान होणार नाही’ ही ओळख त्यांनी सगळ्यांच्या देखत पटवून दिली. तेच वाक्य नुसतं ईमेलमध्ये पाठवलं असतं तर कोणाचा विश्वास बसला नसता. आणि मनात तसंच असून ते गप्प बसले असते, तरी पुढच्या गुरुवारी तक्ते हिरवेच आले असते.

आता माझं सांगते, कारण तुम्ही माझा अनुभव विचारलात. एका कंपनीत माझ्याबरोबरच बाहेरून आलेले एक सहकारी होते. तांत्रिक बाबतीत माझ्यापेक्षा कितीतरी सरस. त्यांचंही म्हणणं तुमच्यासारखंच, आपण आपलं काम करत राहायचं. रोज लवकर येऊन, केबिनचं दार लावून ते जुने अहवाल तपासत. टीमला बाहेरून काय दिसायचं? काचेपलीकडे एक्सेलची शीट, त्यात आपली नावं आणि नावांपुढे आकडे. पंधरवड्याच्या आत बातमी फिरली की यांना माणसं कमी करायला आणलंय. खरं तर ते वरच्यांकडे जादा माणसं मागत होते! ती मागणी मंजूर झाल्याचा मेल आला, तेव्हा त्यांचे दोन सर्वांत चांगले टीम लीड नोटीस पीरियडवर होते. त्या माणसाची हुशारी मी जवळून पाहिली आहे, म्हणून ‘काम बोलतं’ ऐकलं की मला आजही वाईट वाटतं.

माझ्या टीमला मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: वाईट बातमी त्याच दिवशी माझ्यापर्यंत आली पाहिजे, आणि ‘कोणामुळे झालं?’ हा माझा पहिला प्रश्न कधीच नसेल. बोलणं सोपं होतं, सगळ्यांनी मान डोलावली. काही दिवसांनी एका शिफ्ट इन्चार्जने भर बैठकीत सांगितलं की चुकीचा माल ग्राहकाकडे गेला आहे. सगळे त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मी एवढंच विचारलं, ‘ग्राहकाला फोन कोणी केला?’ कोणी केला नव्हता. तिथेच स्पीकरवर फोन लावला, मी स्वतः बोलले आणि माल परत मागवला. नंतर तो कोणामुळे गेला तेही शोधलं, पण बंद दाराआड. तेव्हापासून मला रात्री फोन येऊ लागले, आणि त्या फोनांमुळेच पुढची कितीतरी नुकसानं टळली. यात कुठे फोटो होता? कुठे पोस्ट होती? पण टीमच्या तोंडी माझी एक ओळख बसली होती, आणि ती मी ठरवून बसवली होती.

तुमचे बाकीचे मुद्दे फार वेळ घेण्यासारखे नाहीत. सोशल मीडियाचं फॅड म्हणता, तर पर्सनल ब्रँडची ही कल्पना व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या टॉम पीटर्स यांनी फास्ट कंपनी मासिकात 1997 मध्ये मांडली. लिंक्डइन आलं 2003 मध्ये, फेसबुक 2004 मध्ये. एवढं तर दोन मिनिटांत शोधता येतं. अबोल माणसांचं म्हणाल, तर बडबड करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. एकच गोष्ट ठरवून तीच पुन्हा पुन्हा करत राहणं अबोल माणसाला उलट सोपं जातं. 1987 मध्ये अल्कोआ या अ‍ॅल्युमिनियम कंपनीची सूत्रं घेतल्यावर पॉल ओ’नील गुंतवणूकदारांपुढच्या पहिल्याच भाषणात नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलले आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी तो विषय सोडला नाही. त्यांची ओळख त्यातूनच झाली. आणि ‘काम न येणारे ब्रँडिंग करतात’ हे वाक्य मुलाली आणि ओ’नील यांना लावून बघा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहाल तेव्हा नाव लावा, आणि मी टीम सांभाळली की नाही ते सोडून एवढंच सांगा: तुम्ही नव्या पदावर गेलात तेव्हा पहिल्या महिन्यात तुमच्या हाताखालच्या माणसांना तुमच्याबद्दल नेमकं काय कळलं होतं, आणि ते कशावरून? त्याचं उत्तर आलं तर ते मी लेखाच्या खाली जोडीन.